‘अनुभव : नाही’ – ग्रामीण उमेदवाराचे परिचयपत्र

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नोकरीच्या अर्जाला जोडावयाच्या परिचयपत्राविषयी मी बोलावे असे संयोजकांनी सुचविले, तेव्हा हा विषय उमेदवारांपुढे मांडावा की आपल्यापुढे, असा प्रश्न प्रथम मनात आला. विचारांती असे वाटले की, तो आपल्यापुढे मांडणेच अधिक उपयोगाचे आहे. गावातील मुलगा किंवा मुलगी अर्ज करावयास निघते तेव्हा ती कोणाकडे जाते? ज्यांनी शिकविले त्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे, ग्रामपंचायत कार्यालयात, एखाद्या ओळखीच्या साहेबांकडे. आणि शेवटी तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात. परिचयपत्र प्रत्यक्षात लिहिले जाते ते या शेवटच्या ठिकाणी. दुकानदाराच्या संगणकात एक नमुना तयार असतो. त्यातील नाव, जन्मतारीख आणि गुणांचे आकडे तेवढे बदलले की पाच मिनिटांत कागद हाती पडतो.

निवड समितीवर बसण्याचा प्रसंग आपल्यापैकी ज्यांच्यावर आला असेल त्यांना याचा परिणाम ठाऊक आहे. एकाच तालुक्यातून आलेली वीस परिचयपत्रे समोर ठेवावीत. विसांपैकी विसांना ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीस हातभार लावावयाचा’ असतो. वीसही जण ‘प्रामाणिक, कष्टाळू व जिद्दी’ असतात. विसांनाही वाचन, क्रिकेट आणि संगीत ऐकणे हे छंद असतात. आणि अनुभवाच्या रकान्यात बहुतेकांनी एकच शब्द लिहिलेला असतो : ‘नाही’. यांतील पहिल्या तीन गोष्टी निरुपयोगी आहेत. चौथी मात्र पुष्कळदा खोटी असते, आणि ती उमेदवाराने स्वतःच्याच विरुद्ध दिलेली खोटी साक्ष असते. आज मी मुख्यतः या चौथ्या गोष्टीविषयी बोलणार आहे.

तत्पूर्वी एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. शासकीय नोकरभरती आता बहुतांशी स्पर्धा परीक्षांतून होते. तेथे अर्जाचे रकाने ठरलेले असतात आणि गुणानुक्रम बोलतो. परिचयपत्राला तेथे फारसे स्थान नाही. परंतु औद्योगिक वसाहतींतील कारखाने, पतसंस्था, दूध संघ, सूतगिरण्या, रुग्णालये, खाजगी शाळा, स्वयंसेवी संस्था आणि थेट मुलाखतीने भरल्या जाणाऱ्या कंत्राटी जागा येथे चित्र निराळे आहे. मुलाखतीला कोणाला बोलवावयाचे हे तेथे एका कागदावरून ठरते, आणि तो कागद वाचणाऱ्याच्या हातात फार थोडा वेळ असतो. आपल्या भागातील बहुसंख्य मुलामुलींचा उदरनिर्वाह याच जागांवर व्हावयाचा आहे.

कार्ड आणि कागद

जुन्या मंडळींना सेवायोजन कार्यालयाचे कार्ड आठवत असेल. महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४५ साली देशात ही कार्यालये सुरू झाली आणि १९४८ पासून ती सर्वांना खुली झाली. पुढे १९५९ च्या कायद्याने सार्वजनिक क्षेत्रातील आणि पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांना आपल्याकडील रिक्त जागा या कार्यालयांना कळविणे बंधनकारक केले. त्या व्यवस्थेत उमेदवार रांगेत उभा राही, त्याची माहिती नोंदवून घेतली जाई, आणि जागा निघाली की कार्यालय नाव पाठवी. स्वतःविषयी काही लिहिण्याचा प्रसंग उमेदवारावर क्वचितच येई. कार्डाचे नूतनीकरण वेळेवर झाले की नाही, एवढीच काय ती चिंता.

आता तसे राहिलेले नाही. केंद्र शासनाची राष्ट्रीय करिअर सेवा २०१५ साली सुरू झाली. राज्याचे ‘महास्वयम’ संकेतस्थळ आहे. खाजगी संकेतस्थळांची तर गणतीच नाही. या सर्व ठिकाणी उमेदवाराला आपण कोण आहोत आणि आपल्याला काय येते हे स्वतःच्या शब्दांत सांगावे लागते. आमच्या शालेय शिक्षणात निबंधाला स्थान आहे, पत्रलेखनालाही आहे. परंतु केलेले काम मोजक्या शब्दांत नोंदविण्याचा सराव कोठेही करून घेतला जात नाही. पदवीधर मुलगा ‘माझा आवडता ऋतू’ यावर दोन पाने लिहील. काल दिवसभर त्याने कोणते काम केले हे तीन ओळींत लिही म्हटले, की अडतो.

शब्दांचाही थोडा घोळ आहे. ‘करिक्युलम व्हिटे’, ज्याला आपण सीव्ही म्हणतो, हे लॅटिन शब्द. अर्थ आयुष्याचा क्रम. ‘रेझ्युमे’ हा फ्रेंच शब्द, अर्थ सारांश. आपल्याकडे रूढ झाला तो ‘बायोडाटा’, आणि हाच शब्द लग्न जुळविण्याच्या व्यवहारातही चालतो. त्यामुळे दोन्ही कागदांची सरमिसळ झालेली मी अनेकदा पाहिली आहे. गोदामपालाच्या जागेसाठी आलेल्या कागदावर उंची, वर्ण, रास, मामाचे आडनाव आणि शेतजमिनीचे क्षेत्र! हसण्यासारखी गोष्ट आहे, परंतु त्यात मुलाचा दोष नाही. त्याला कोणी वेगळा नमुना दाखविलेलाच नसतो. नोकरीच्या परिचयपत्रात जात, धर्म, वैवाहिक स्थिती यांचे काही कारण नाही. आरक्षणाचा लाभ जेथे घ्यावयाचा असेल तेथे विहित नमुन्यात प्रवर्ग लिहावा. खाजगी कारखान्याच्या व्यवस्थापकाला तो कळविण्याची आवश्यकता नाही. आधार क्रमांक आणि बँक खात्याचा क्रमांक तर परिचयपत्रात कदापि घालू नयेत. हे कागद कोठून कोठे जातात याचा पत्ता लागत नाही, आणि नोकरीच्या आमिषाने पैसे उकळणारे लोक अशाच माहितीच्या शोधात असतात.

समोरच्याची गरज

परिचयपत्र म्हणजे आत्मचरित्र नव्हे, ते एका जाहिरातीला दिलेले उत्तर असते. ही गोष्ट किती जुनी आहे पाहा. सुमारे १४८२ साली लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्या सेवेत शिरण्यासाठी एक पत्र तयार केले. त्याचा मसुदा मिलानच्या अम्ब्रोसियन ग्रंथालयात आजही जपलेला आहे. ज्याला सारे जग चित्रकार म्हणून ओळखते, त्या माणसाने या पत्रात क्रमवार दहा कलमे घातली. पहिली नऊ युद्धोपयोगी आहेत : हलके आणि वाहून नेता येणारे पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढून टाकण्याची युक्ती, तोफा, आच्छादलेले रथ. दहाव्यात शांततेच्या काळातील कामे येतात, म्हणजे इमारती बांधणे आणि पाणी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे. शिल्प आणि चित्रकला यांचा उल्लेख त्यानंतर, अगदी शेवटी. मिलानच्या दरबाराला त्या वेळी चित्रकारापेक्षा युद्धयंत्रे करणाऱ्याची निकड अधिक असणार हे त्याने ओळखले होते. शिवाय यांपैकी एखादी गोष्ट कोणाला अशक्य वाटत असेल, तर आपल्या उद्यानात किंवा म्हणाल तेथे ती करून दाखवितो, असेही त्याने पुढे लिहिले आहे.

या पत्रातून घेण्याजोग्या गोष्टी दोनच : समोरच्याला जे हवे ते आधी सांगणे, आणि सांगितलेले करून दाखविण्याची तयारी ठेवणे. तेव्हा उमेदवार आपल्याकडे आला की प्रथम त्याचा परिचय विचारू नये, जाहिरात मागावी. तिच्यात कोणती कामे सांगितली आहेत त्यांच्याखाली रेघ ओढावयास लावावी. मग त्या प्रत्येक कामाशी मिळतेजुळते आपण काय केले आहे, हे त्याला आठवावयास सांगावे. एकच परिचयपत्र पन्नास ठिकाणी पाठविण्यापेक्षा पाच ठिकाणी पाच वेगळी पाठवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘नाही’ या शब्दाखाली काय दडलेले असते

एक उदाहरण घेऊ. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली एक मुलगी. पतसंस्थेतील लेखा साहाय्यकाच्या जागेसाठी तिने अर्ज केला. परिचयपत्रात दहावी, बारावी, पदवी यांचे गुण; संगणकाचे एमएस-सीआयटी प्रमाणपत्र; अनुभव : नाही. बोलता बोलता असे कळले की, तिच्या आईच्या बचत गटाचे सर्व लिखाण गेली तीन वर्षे हीच मुलगी करीत होती. गटात बारा महिला. दर आठवड्याची बैठक, बैठकीची नोंदवही, प्रत्येकीची बचत, गटांतर्गत दिलेली कर्जे, त्यांवरील व्याजाची आकारणी, बँकेच्या कर्जाचा मासिक हप्ता आणि पासबुकाशी ताळमेळ. एकदा बँकेच्या नोंदीत हप्ता दोनदा वजा झाला होता, तो हिनेच शोधून शाखेत जाऊन दुरुस्त करून घेतला होता. मी विचारले, “हे का लिहिले नाहीस?” ती म्हणाली, “त्याचा पगार मिळत नव्हता ना!”

येथे खरी अडचण आहे. ज्याला पगार नाही ते काम नव्हे, अशी आपल्या मुलामुलींची, विशेषतः मुलींची, समजूत झालेली आहे. पतसंस्थेला काय हवे होते? रोजच्या रोज नोंद घालणारा, व्याज अचूक काढणारा, बँकेचा ताळमेळ घेणारा माणूस. हे सर्व त्या मुलीने केलेले होते. मग अनुभवाच्या रकान्यात ‘नाही’ ऐवजी पुढील ओळ आली : ‘बारा सदस्यांच्या महिला बचत गटाचे हिशेब तीन वर्षे लिहिले. बैठक नोंदवही, बचत व कर्ज खतावणी, बँक हप्त्यांचा मासिक ताळमेळ. बँक नोंदीतील एक दुबार वजावट शोधून दुरुस्त करून घेतली. (मानद)’ शेवटचा ‘मानद’ हा शब्द महत्त्वाचा. पगारी नोकरी होती असा आभास त्यात नाही. ज्यांच्याकडे चौकशी करता येईल अशा व्यक्ती म्हणून गटाच्या अध्यक्षांचे नाव, त्यांना विचारून, खाली घातले. येथे कोणतीही नवी गोष्ट रचली गेली नाही, फक्त झालेल्या कामाची नोंद झाली. आपल्या गावातील किती बचत गटांचे लिखाण अशा शिकलेल्या लेकीसुना करतात हे सदस्यांना मी सांगावयास नको.

दुसरे उदाहरण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री झालेल्या मुलाचे. परिचयपत्रात एकच ओळ : ‘आयटीआय (इलेक्ट्रिशियन), दोन वर्षे, प्रथम श्रेणी.’ कारखान्यातील देखभाल विभागाच्या अभियंत्याला या ओळीतून काहीच कळत नाही, कारण सर्वच अर्जदारांची ओळ तीच असते. त्याला हवे असते ते असे : स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी स्वतः केली आहे काय? आराखडा वाचून पॅनेलचे वायरिंग करता येते काय? मोटार बंद पडली तर दोष वाइंडिंगमध्ये, बेअरिंगमध्ये की पुरवठ्यात, हे कसे ओळखतोस? हा मुलगा सुट्टीत मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसत असे. गावच्या नळपाणी योजनेचा पंप बिघडला की दुकानदाराबरोबर जाऊन काम करीत असे. हे लिहावयास हवे, किती महिने आणि कोणत्या अश्वशक्तीच्या मोटारींवर हेही. शिकाऊ उमेदवारी केली असेल तर ती वेगळ्या ओळीत, आस्थापनेचे नाव आणि कालावधी यांसह आली पाहिजे. अनेक मुले संस्थेचे व्यवसाय प्रमाणपत्र आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील प्रमाणपत्र एकाच ओळीत कोंबतात. वस्तुतः दुसऱ्याचे वजन कारखान्यात अधिक असते, कारण त्याचा अर्थ मुलगा यंत्राजवळ उभा राहिलेला आहे असा होतो. वायरमनचा परवाना असेल तर तो कागदाच्या अगदी वरच्या भागात असावा.

शेतीच्या कामाबद्दल तर अधिकच संकोच असतो. नाशिक जिल्ह्यातील निर्यातक्षम द्राक्षबागांची नोंदणी अपेडाच्या ‘ग्रेपनेट’ प्रणालीत होते. अशा बागेत औषधाचे नाव, प्रमाण, फवारणीची तारीख आणि काढणीपूर्वीचा प्रतीक्षा कालावधी यांची नोंद ठेवावी लागते. वडिलांच्या बागेची ही नोंदवही ज्या मुलाने दोन हंगाम सांभाळली, तो पॅकहाउसमधील गुणवत्ता साहाय्यकाच्या जागेसाठी अननुभवी कसा? ‘वडील शेती करतात’ एवढेच लिहून तो मोकळा होतो. राष्ट्रीय सेवा योजनेचेही तसेच. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर पूर्ण करणारा विद्यार्थी फक्त ‘एन.एस.एस.’ ही तीन अक्षरे लिहितो. शिबिरात शंभर जणांच्या भोजनाची व्यवस्था त्याने पाहिली असेल, गावातील घरांचे सर्वेक्षण केले असेल, तर ते कोठे येणार?

रिकामी वर्षे

आता थोड्या नाजूक विषयाकडे वळतो. आपल्या अनेक मुलांच्या आयुष्यात चारपाच वर्षे अशी असतात की, ती परिचयपत्रात कशी दाखवावीत हे त्यांना कळत नाही. पुण्याला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेली वर्षे ही त्यांतली सर्वांत मोठी. यश मिळाले नाही म्हणून ती वर्षे लपविली जातात, किंवा त्या जागी एखाद्या नातेवाइकाच्या दुकानातील खोटी नोकरी घातली जाते. लपविण्याचे काही कारण नाही. ‘राज्यसेवा परीक्षेची तयारी’ असे सरळ लिहावे. पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाली असेल तर वर्षासह नमूद करावे, कारण ती सोपी गोष्ट नाही. त्या काळात अभ्यासिकेचे व्यवस्थापन पाहिले असेल, शिकवण्या घेतल्या असतील, तर त्याही लिहाव्यात. विवाह, बाळंतपण, घरातील आजारपण यांमुळे काम थांबलेल्या स्त्रीने ‘कौटुंबिक जबाबदारी’ एवढे दोन शब्द लिहिले की पुरे. तपशील मागण्याचा कोणालाही अधिकार नाही. दुष्काळी वर्षात शिक्षण सोडून ऊसतोडीला जावे लागलेला एक मुलगा मला ठाऊक आहे. त्याने ते वर्ष तसेच लिहिले, आणि मुलाखत घेणाऱ्याने त्याविषयी त्याला आदराने विचारले. प्रत्येक ठिकाणी असेच होईल असा दावा मी करीत नाही.

तारखा ताणून रिकामी जागा भरण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. नीती बाजूला ठेवली तरी तो आता व्यवहार्यही नाही. भविष्यनिर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक २०१४ पासून अस्तित्वात आला. कामगार कोणत्या आस्थापनेत केव्हा लागला आणि केव्हा सुटला हे त्या नोंदीतून दिसते. शासकीय सेवेत निवड झाल्यावर जो पडताळणी नमुना भरावा लागतो, त्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सविस्तर निर्णय दिला आहे. अटक, खटला, शिक्षा यांविषयी विचारलेली माहिती खरी असली पाहिजे, ती दडपता कामा नये, असे त्यात म्हटले आहे. सोबतच, नियोक्त्याने प्रत्येक प्रकरणातील परिस्थिती पाहावी असेही सांगितले आहे. अधिकारी मित्रांनी तो निर्णय मुळातून वाचावा.

खरेखोटे पाहण्याची एक सोपी कसोटी मी सुचवितो. परिचयपत्रातील कोणत्याही ओळीवर बोट ठेवावे आणि उमेदवाराला म्हणावे, यावर पाच मिनिटे बोल. बोलता आले तर ओळ राहू द्यावी. न आले तर खोडावी. अलीकडे संगणकाला दोन वाक्ये सांगितली की तो क्षणार्धात सफाईदार परिचयपत्र लिहून देतो. त्याचा उपयोग करू नये असे मी म्हणणार नाही. भाषा नीटनेटकी करण्यासाठी अवश्य करावा. परंतु त्या मुलीने दुबार वजावट शोधली होती हे संगणकाला कोठून ठाऊक असणार? न सांगता तो जे लिहितो ते पुन्हा झेरॉक्सच्या दुकानातील नमुन्यासारखेच असते, इंग्रजी तेवढे अधिक भारी.

इंग्रजीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. पतसंस्था, दूध संघ, शाळा, स्थानिक संस्था येथे मराठीत उत्तम लिहिलेले परिचयपत्र निःसंकोच द्यावे. कारखान्याला इंग्रजी लागत असेल तर साध्या, लहान वाक्यांचे इंग्रजी पुरेसे असते. जे वाक्य उमेदवाराला मोठ्याने वाचता येत नाही ते त्याच्या कागदावर असू नये.

काही बारीकसारीक गोष्टी

या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण संधी यांपायीही जाते. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर जसे आहे तसेच सर्वत्र असावे. विवाहानंतर नाव बदलले असेल तर राजपत्रातील नोंद हाताशी ठेवावी. दूरध्वनी क्रमांक स्वतःचा असावा. मुलींच्या परिचयपत्रावर भावाचा किंवा वडिलांचा क्रमांक असतो. कारखान्यातून दूरध्वनी येतो तेव्हा भाऊ शेतात असतो, निरोप दोन दिवसांनी मिळतो, तोपर्यंत मुलाखत होऊन गेलेली असते. ई-मेलचा पत्ता नावाचाच असावा; ‘राजे’, ‘किंग’, ‘डॅशिंग’ असले पत्ते मित्रांसाठी ठेवावेत. नव्या उमेदवाराला एक पान पुरते, अनुभवी माणसाला फार तर दोन.

मराठीत टंकलेखन करताना युनिकोडच वापरावे. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या टंकात तयार केलेली फाइल तो टंक नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडली की निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात, आणि वाचणारा ती बंद करून पुढच्या अर्जाकडे वळतो. चौकटी, रंगीत पट्टे, नक्षी यांचा मोह टाळावा. मोठ्या कंपन्यांत हे कागद आधी संगणक वाचतो, आणि चौकटीत अडकलेला मजकूर त्याला नीट वाचता येईलच असे नाही. पीडीएफ स्वरूपात पाठवावे आणि फाइलला स्वतःचे नाव द्यावे. प्रमाणपत्रांच्या प्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीसाठी धावपळ करण्याचेही आता सहसा कारण नाही. राज्य शासनाने २०१५ साली स्वयंसाक्षांकन स्वीकारले आहे.

आपल्या सहीचा कागद

आता मी आपल्याकडे येतो. उमेदवाराच्या परिचयपत्रात जे अनुभव म्हणून यावयाचे, त्याचा आधार पुष्कळदा आपल्या सहीचे प्रमाणपत्र हाच असतो. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना दरमहा सहा हजार, आयटीआय व पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन ठेवण्यात आले. प्रशिक्षणाचा काळ आरंभी सहा महिन्यांचा होता, नंतर तो वाढविण्यात आला. ग्रामपंचायती, शाळा, शासकीय कार्यालये यांत अनेक तरुणांनी या योजनेखाली काम केले. त्यांना मिळालेली काही प्रमाणपत्रे मी पाहिली. ‘यांनी या कार्यालयात प्रशिक्षण घेतले असून त्यांचे वर्तन समाधानकारक होते. त्यांच्या भावी आयुष्यास शुभेच्छा.’ वर्तन समाधानकारक होते हे ठीक. पण त्या मुलाने सहा महिने केले काय? हे वाक्य कोणाच्याही नावापुढे चालते. ज्याने रोज दहा ते साडेपाच काम केले त्याच्याही, आणि ज्याने केवळ हजेरी लावली त्याच्याही. कष्ट करणाऱ्यावर हा अन्याय आहे.

त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘श्री./श्रीमती … यांनी दि. … ते दि. … या काळात या ग्रामपंचायतीत प्रशिक्षणार्थी म्हणून काम केले. कर मागणी नोंदवहीतील (नमुना ९) सुमारे … खातेदारांच्या नोंदी त्यांनी कर आकारणी नोंदवहीशी (नमुना ८) ताडून पाहिल्या, तफावतींची यादी तयार केली, जन्म-मृत्यूचे दाखले संगणकावर तयार केले आणि … ग्रामसभांची इतिवृत्ते टंकलिखित केली. हे काम देखरेखीशिवाय करण्याइतपत त्यांची तयारी झाली आहे.’ तीन वाक्यांचे काम आहे. परंतु एखाद्या कार्यालयीन साहाय्यकाच्या जागेसाठी अर्ज करताना हीच तीन वाक्ये त्या मुलाच्या परिचयपत्राचा कणा होतात. काम अपुरे झाले असेल तर तेवढेच लिहावे. सर्वांना सारखे प्रशस्तिपत्र देण्यात औदार्य नाही. मुख्याध्यापकांनीही शाळा सोडताना देण्याच्या वर्तणुकीच्या दाखल्यात, जेथे शक्य असेल तेथे, विद्यार्थ्याने प्रत्यक्ष सांभाळलेल्या एखाद्या कामाची नोंद करावी. ग्रंथालयाची देवघेव, पोषण आहाराच्या धान्याचा साठा मोजण्यास केलेले साह्य, विज्ञान प्रदर्शनाची मांडणी, असे काहीही.

शिफारशीच्या चिठ्ठीबद्दलही बोलले पाहिजे, कारण ती मागावयास लोक सदस्यांच्याच दारी येतात. ‘हा आपला माणूस आहे, काम व्हावे’ अशा चिठ्ठीने निवड करणाऱ्याला त्या माणसाविषयी काहीच कळत नाही; कळते ते चिठ्ठी देणाऱ्याविषयी. त्याऐवजी आपले नाव संदर्भ म्हणून द्यावयास संमती द्यावी, आणि चौकशी झाली तर जे पाहिले ते सांगावे. ज्याचे काम पाहिलेले नाही त्याला नकार देण्याचा अवघडपणा पत्करावा लागेल, याची मला कल्पना आहे.

प्रमाणपत्रावर जावक क्रमांक, तारीख आणि कार्यालयाचा चालू दूरध्वनी क्रमांक अवश्य घालावा. त्याची स्थळप्रत धारिकेत ठेवावी. सही करणाऱ्याची बदली झाली, पदाधिकारी बदलले, तरी दोन वर्षांनी विचारणा झाल्यास उत्तर देता आले पाहिजे. पडताळणीसाठी आलेला दूरध्वनी कार्यालयात कोणी घ्यावयाचा हेही ठरवून ठेवावे, नाहीतर ‘साहेब बैठकीला गेले आहेत’ एवढ्या उत्तरावर एखाद्याची नेमणूक अडकून राहते.

आपल्यापैकी काही जणांनी आपापल्या गावातील उमेदवारांची परिचयपत्रे, त्यांची परवानगी घेऊन, सोबत आणली आहेत असे मला सांगण्यात आले. भोजनानंतरच्या सत्रात ती आपण टेबलावर घेऊ. प्रत्येक गटाने एक जाहिरात आणि एक परिचयपत्र निवडावे, आणि ज्याच्या अनुभवाच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलेले असेल तेच आधी हाती घ्यावे.